थाबियेगोनच्या मांजरांचे उपास

११ जानेवारी १९०८, शनिवार

पन्नासांत एकेचाळीस.

कचेरीच्या वहीत एवढंच लिहायचं असतं. बाकीचं पोटात ठेवून मला झोप येत नाही, म्हणून ही दुसरी वही. ती कुणाला दाखवायची नाही, त्यामुळे हिच्यात खाडाखोड चालेल.

शुक्रवारी संध्याकाळी आमच्या थाबियेगोन वस्तीत पन्नास पिंजरे मांडायचे, प्रत्येकात सुक्या मासळीचा तुकडा. शनिवारी सकाळी किती पिंजऱ्यांत उंदीर सापडले ते मोजायचं आणि चौकटींच्या कागदावर ठिपका द्यायचा. आरोग्य कचेरीने वस्तीचा कारकून म्हणून मला त्यासाठीच नेमलंय. रंगूनमध्ये प्लेग आल्याला हा चौथा उन्हाळा. आधी उंदरांची रेघ चढते, तीन आठवड्यांनी माणसांची चढते. हे मी माझ्या डोळ्यांनी, माझ्याच हातच्या कागदावर पाहिलंय.

डॉक्टर लेस्लींनी आज बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, पण दमलेला आहे. म्हणाले, "पो थिट, वरून हुकूम आहे. थिंजानच्या, नव्या वर्षाच्या सणाच्या, आधीचा शेवटचा शनिवार, अकरा एप्रिल. त्या दिवशी दहापेक्षा जास्त पिंजरे भरले, तर थाबियेगोन रिकामी करायची."

रिकामी करायची म्हणजे काय ते गेल्या वर्षी भातगिरण्यांमागच्या वस्तीचं पाहिलंय. घरांची छपरं उतरवली, माणसं गाड्यांत घालून शहराबाहेरच्या छावणीत नेली. पावसाळा संपल्यावर परत आली ती निम्मीच. उरलेली कुठे कुठे पांगली, कुणास ठाऊक.

घरी येऊन आत्याला सांगितलं. दॉ फ्वा शिन माझ्या वडिलांची बहीण, आम्हा दोघा भावांना तिनेच वाढवलं. आज अष्टमी, तिचा उपास, म्हणजे दुपारनंतर तोंडात अन्नाचा कण नाही आणि जिभेला लगाम नाही. म्हणाली, "एकेचाळीस जीव धरलेस आणि साहेबाच्या हवाली केलेस. पुढच्या जन्मी तू कुठे जाणार, ते मोजलंस का?"

१८ जानेवारी, शनिवार

चव्वेचाळीस.

पिंजऱ्यांत घालायची मासळी मा सॉ यिन देते. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं सुक्या मासळीचं दुकान आहे. नवरा खलाशी होता, सहा वर्षांपूर्वी समुद्रात गेला. तेव्हापासून एकटी दुकान चालवते, आणि दुकानापेक्षा तोंड जास्त चालवते.

आज म्हणाली (मला सगळी वस्ती साया, म्हणजे मास्तर, म्हणते), "साया, तुमचे उंदीर माझ्या गिऱ्हाइकांपेक्षा बरे. भाव न करता खातात."

मग म्हणाली, तो कागद दाखवा. मी आलेख समजावून सांगितला. आडवी रेघ म्हणजे आठवडे, उभी म्हणजे आकडा. ती हनुवटीला हात लावून तासभर ऐकत होती, दोन गिऱ्हाइकं तशीच परत गेली. शेवटी म्हणाली, "पुढच्या शनिवारीही दाखवाल ना?" आकडेशास्त्राची इतकी ओढ असलेली बाई मी पाहिली नव्हती.

१ फेब्रुवारी, शनिवार

बारा!

गेल्या शनिवारी एकतीस, आज बारा. तीन वेळा मोजले. मी लिहिलेल्या सूचना प्रत्येक दारावर चिकटवल्या होत्या: उष्टं टाकू नका, तांदूळ झाकून ठेवा. लोक वाचत नाहीत म्हणतात. वाचतात! भाषा सोपी हवी, अक्षर वळणदार हवं.

८ फेब्रुवारी, शनिवार

पाच. माझा विश्वास बसत नाही. रेघ अशी खाली आलीये की पट्टी लावून काढल्यासारखी वाटते.

आत्याही बरी आहे. हल्ली शनिवारी पहाटे अंधारातच उठून पॅगोड्यावर फुलं वाहायला जाते. म्हातारपणी भक्ती वाढते. बोटांवर ओरखडे दिसले, विचारलं तर म्हणाली, "जाईची फुलं तोडताना काटे लागले." जाईला काटे असतात हे मला माहीत नव्हतं. बाहीला मासळीचा वासही येत होता, पण पॅगोड्याची वाट मासळीबाजारातूनच जाते.

डॉक्टरसाहेबांना पत्र पाठवलं. चांगल्या टाकाने लिहिलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कुठे तोंड लपवू?

डॉक्टरसाहेब सकाळीच आले. पिंजरे पाहायचे म्हणाले. भरलेले तीन मी पुढे केले. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. रिकामे सत्तेचाळीस एकेक करून उचलले, आत नाक खुपसलं. मासळी नाही. लेंड्या आहेत. आणि दार बाहेरून कडी लावून नीट बंद.

ते म्हणाले, "पो थिट, तुमच्या वस्तीतले उंदीर फार सभ्य आहेत. जेवतात आणि जाताना दार लावून जातात."

सगळी वस्ती बघत होती. बायका माना खाली घालून उभ्या होत्या, आणि सगळ्यांत खाली मान आत्याची होती. तेव्हा मला काट्यांचा अर्थ कळला. पस्तिशीला आलेल्या कारकुनाला.

घरी आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा आत्यावर ओरडलो. ती म्हणाली, "हो, सोडले. पहिल्या दिवशी मी एकटी होते. आता आठजणी आहोत." मी म्हणालो, "तुझ्या त्या पुण्यापायी बा ऊसारखे आणखी मरतील!"

बा ऊ माझा धाकटा भाऊ. पहिल्याच वर्षी गेला, एकोणिसाव्या वर्षी. कचेरीच्या तक्त्यात तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली एक काडी आहे. ती काडी मीच मारली, दुसरा कारकून रजेवर होता.

आत्याने खांद्यावरची शाल काढून घडी घातली. मग म्हणाली, "त्याच्याच नावाने सोडत होते रे. दर उंदराला म्हणायचे, हे पुण्य माझ्या बा ऊला पोचू दे."

मी बाहेर जाऊन बसलो. रागवायला आलो होतो आणि रडलो. मग आलेखावरचे चार ठिपके खोडले. कागद भोकं पडेपर्यंत घासला.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून दोघांपैकी कुणीही चूल पेटवली नाही. मा सॉ यिन मोहिंग्याचं, माशाच्या रश्शातल्या शेवयांचं, भांडं घेऊन आली. आमची तोंडं बघून म्हणाली, "कोण मेलं?" मग स्वतःच दोन वाडगे भरले आणि आमच्यापुढे आदळले.

तीही आत्याला आत्याच म्हणते. कुठल्या नात्याने, ते मला ठाऊक नाही.

"आत्या, तुम्हाला उंदीर मारायचा नाही."

"नाही."

"साहेबाच्या हातीही द्यायचा नाही."

"तेही मारणंच."

"मग मांजर पाळा. मांजराला शील कुणी दिलंय? त्याचं कर्म त्याच्यापाशी. तुम्ही आपलं एका मुक्या जिवाला आसरा दिलात, झालं."

आत्याने मोहिंग्याचे चार घास खाल्ले. मग शाल घेऊन थेट विहारात गेली, तिथल्या थोरल्या भिक्खूंना, सयाडॉंना, विचारायला. सयाडॉ ऐंशीचे आहेत, अर्धं ऐकतात आणि त्यातल्या अर्ध्यालाच उत्तर देतात. म्हणाले, "मांजर पाळायला बंदी असल्याचं माझ्या वाचनात नाही."

२२ फेब्रुवारी, शनिवार

सेहेचाळीस. खरा आकडा. आठजणींनी शपथ घेतली होती, आणि एकीनेही मोडली नाही. उंदीर कचेरीत गेले तेव्हा आत्या घरात पाठ करून बसली होती. मला तिच्यासाठी वाईट वाटलं, हे लिहून ठेवतो.

सात आठवडे उरले.

मा सॉ यिन खालच्या मुलखात गेलीये. तिची मासळी तिथल्या खाड्यांतून येते आणि तिथे मांजरं उदंड, म्हणते. दुकान बंद आहे. बाजाराचा तो कोपरा फार शांत वाटतो. आलेख कुणाला दाखवायचा?

२९ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस चार वर्षांतून एकदा येतो, आणि आज जे झालं ते चार जन्मांतून एकदा होत असेल.

सकाळी सात वाजता खाडीवर होडी लागली. टोपल्याच टोपल्या, आणि होडी नुसती ओरडत होती. मा सॉ यिन पुढच्या टोकावर उभी, केस विस्कटलेले, गालावरचा थनाक्याचा लेप पुसलेला, हातभर ओरखडे. म्हणाली, "साया, साठ निघाली होती. त्रेपन्न आणलीयेत. सातजणी मधल्या गावात उतरल्या, त्यांना जागा आवडली."

"आणि या टोपल्यांतली मासळी?"

"विचारू नका."

मासळीच्या टोपल्यांत मांजरं घालून दोन दिवसांचा प्रवास. बायकोला माहेरच्या शेजारी घर करून द्यावं आणि भेटायला जाऊ नको म्हणावं, तसलं हे. निम्मा माल फस्त. तरी ती हसत होती. मी म्हणालो, तुमचं फार नुकसान झालं. तर म्हणाली, "वस्तीच उठली तर मासळी कुणाला विकू? तुमच्या आलेखाला?"

मग वाटणी झाली. जवळजवळ घरटी एक, उरलेल्या सात घरांनी शेजाऱ्याच्यात भागी घेतली. म्हाताऱ्या बायका मांजरांच्या मिशा तपासून बघत होत्या. दोन शेजारणी एका काळ्या बोक्यासाठी भांडल्या आणि शेवटी तो तिसरीकडेच पळाला. आमच्या वाट्याला शेपटीला गाठ असलेलं एक पिवळं आलं. मला मांजरं आवडत नाहीत. त्याचं नाव ठेवणार नाही.

७ मार्च, शनिवार

पंचेचाळीस. एका आठवड्यात काय होणार? नवीन जागा, बुजली असतील. पिवळं माझ्या कागदांवर झोपतं. उठवलं तर असं बघतं की मीच माफी मागतो.

१४ मार्च, शनिवार

पंचेचाळीस! रेघ टेबलासारखी सपाट.

काहीतरी चुकतंय. मांजरं तर तब्येतीने सुधारलीयेत. आली तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या, आता पोटं जमिनीला टेकतात. म्हणजे उंदीर खात असणार, हे उघड आहे. मग उंदीर कमी का होत नाहीत?

खाडीपलीकडच्या वस्तीत या आठवड्यात दोघं गेले. आमच्यात अजून कुणी नाही. मी दर संध्याकाळी घराघरांतून जातो आणि कुणाला ताप आहे का ते विचारतो. लोक म्हणतात, "नाही साया, बसा, जेवून जा."

१६ मार्च, सोमवार

आज सकाळी लक्ष ठेवलं.

आधी भिक्खूंची रांग भिक्षेला येते. घराघरातून बायका भात वाढतात. रांग पुढे गेली की तिच्यामागून दुसरी रांग निघते: शेपट्या वर करून, दारोदार थांबत, मांजरांची. प्रत्येक दारात वाडगं तयार. भात, वर न्गापीचं, आंबवलेल्या मासळीचं, कालवण, कुणाकडे कोळंबी. मुक्या जिवाला घास घालण्याचं पुण्य कोण सोडणार? दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा.

कोपऱ्यावरच्या दॉ म्याईंच्या दाराशी एका वाडग्यात बोका एका बाजूने आणि उंदीर दुसऱ्या बाजूने जेवत होता. बोक्याने डोकं किंचित बाजूला केलं, उंदराला अडचण नको म्हणून.

मी घरोघर जाऊन सांगितलं, खायला घालू नका. सगळ्यांनी मान डोलावली. दॉ म्याई म्हणाल्या, "बरोबर आहे साया, लोकांना कळत नाही. मी तर अगदी थोडंसंच घालते."

मीही पिवळ्याला थोडासाच घालतो. सकाळ-संध्याकाळ, आणि मधे फक्त मागितलं तर.

१८ मार्च, बुधवार, पौर्णिमा

आत्याचा उपास. दुपारी तीनपर्यंत तिने मला, शेजारणीला, पाणक्याला आणि एका कावळ्याला झापलं होतं. मा सॉ यिन आलेख बघायला आली होती. बुधवारी आलेखात नवीन काही नसतं, हे तिला कितीदा सांगितलंय.

आत्याने तिलाही झापलं. आत्या बाहेर गेल्यावर मा सॉ यिन हसत म्हणाली, "उपासाच्या दिवशी आत्यापुढे वाघ आला तर तोच जीव घेऊन पळेल. मांजरांनाही बसवा तुमच्या उपासाला, साया!"

आत्या बाहेरच उभी होती. मला वाटलं, आता वीज पडणार. ती दारात आली आणि म्हणाली, "का नाही?"

"आत्या, मी गंमत केली."

"मी नाही करत. बौद्धांच्या घरात राहतात, भिक्षेच्या रांगेत उभी राहतात, मग शील का नको? माध्यान्हीनंतर अन्न नाही. आजपासून. रोज. थिंजानपर्यंत."

मी म्हणालो, "आत्या, पण उपाशी मांजर रात्री काय करेल ते…"

"रात्री मी झोपलेली असते," आत्या म्हणाली. "तू मला काही सांगू नकोस."

खायला घालू नका म्हटलं की कुणी ऐकत नव्हतं. मांजराला उपासाचं पुण्य मिळवून द्या म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत सगळी वस्ती तयार. फक्त दॉ म्याईंना शंका आली, उपास करून हिंसा केली तर उपास फुकट जातो का? सगळ्या सयाडॉंकडे गेल्या. सयाडॉ म्हणाले, "दुपारनंतर जेवू नये, एवढं मी शिकवू शकतो. पाळतात की नाही हे बघायला मी संध्याकाळी बाहेर पडत नाही."

२१ मार्च, शनिवार

एकोणचाळीस. तीन दिवसांत सहा!

सगळ्या वस्तीत मांजरांचा आक्रोश चाललाय. काल चौकीवरचा हवालदार विचारायला आला, इथे काय प्रकार आहे. आत्या म्हणाली, "मांजरांचे उपास चालू आहेत." तो काही न लिहिता परत गेला.

काल संध्याकाळी पिवळं माझ्या पायाला अंग घासत होतं. मी खिशातून कोळंबीचा एवढासा तुकडा काढला आणि आत्याने मनगट धरलं. "पो थिट! त्याचं शील मोडतोस?" मी कोळंबी स्वतः खाल्ली. पिवळं तोंड फिरवून कुंपणावरून गेलं. फार वाईट वाटलं.

२८ मार्च, शनिवार

चोवीस.

डॉक्टरसाहेब पुन्हा न सांगता आले. सगळे रिकामे पिंजरे तपासले. बहुतेकांत मासळी जशीच्या तशी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिंजऱ्याकडे पाहिलं, कुंपणावर बसलेल्या अकरा मांजरांकडे पाहिलं. जाताना आत्याला टोपी काढून नमस्कार केला.

मनाला एक शंका कुरतडतेय. रेघ उन्हामुळेच उतरत नसेल ना? मग गेल्या वर्षीचा आलेख काढला. याच आठवड्यांत तेव्हा ती चढत होती. शंका मिटली.

४ एप्रिल, शनिवार

पंधरा.

पट्टी लावून रेघ पुढे ओढली. टाक जरा वर धरला तर पुढच्या शनिवारी अकरा येतात, जरा खाली धरला तर नऊ. एवढ्या टाकाच्या टोकावर साठ घरं.

कचेरीत मोकळ्या बैलगाड्यांची यादी टेबलावर होती. वर तारीख चौदा एप्रिल. वस्तीचं नाव अजून लिहिलेलं नव्हतं, जागा सोडलेली होती.

मा सॉ यिनला सांगितलं. ती पहिल्यांदाच काही चेष्टा न करता म्हणाली, "तुम्हाला कुठे पाठवतील? छावणीत, की कारकुनांना वेगळं?" मी म्हणालो, बहुधा दुसऱ्या वस्तीत नेमतील. ती म्हणाली, "हं." मग बराच वेळ मासळीच नीट लावत बसली. ती आधीच नीट लावलेली होती.

१० एप्रिल, शुक्रवार

पिंजरे मांडले. हे लिहायची लाज वाटते, पण या वहीत तरी खरं लिहिलं पाहिजे.

जेवताना मी आत्याला विचारलं, "उद्या पहाटे फुलं वाहायला जाणार आहेस का?"

तिला लगेच कळलं. म्हणाली, "नाही."

"दोन-तीनच. कमी-जास्त झाले तर."

"पो थिट, मी उंदीर सोडले ते लपवून, पण दयेने सोडले. आता सोडले तर ते भीतीने. त्याचं पुण्य बा ऊला नको." आणि माझ्या ताटात माशाचा मोठा तुकडा वाढला. "जेव. तुला काही उपास नाही."

११ एप्रिल, शनिवार

सहाला डॉक्टरसाहेब आले. सगळी वस्ती बाहेर. कुणी बोलत नव्हतं, मांजरंसुद्धा नाहीत.

पहिल्या दहांत तीन. माझ्या रेघा वाकड्या यायला लागल्या. वीस झाले तेव्हा चार. तिसाव्याला सहा, तेव्हा मा सॉ यिनने माझ्या हातातली वही काढून घेतली आणि स्वतः रेघा मारायला लागली. चाळीस झाले तेव्हा सात. मग रिकामा, रिकामा, रिकामा. एकोणपन्नासावाही रिकामा.

पन्नासावा पिंजरा हलत होता. डॉक्टरसाहेबांनी कापड काढलं. आत आमचं पिवळं, दुमडून घडी घातल्यासारखं, मासळी खाऊन मिशा चाटत.

"हे कोणत्या रकान्यात लिहायचं?" साहेबांनी विचारलं.

आत्या पुढे आली आणि मान खाली घालून म्हणाली, "साहेब, त्याचा उपास मोडला. आम्ही त्याला समज देऊ."

तेव्हा सगळं सांगावं लागलं. भिक्षेची रांग, वाडगी, पौर्णिमा, माध्यान्ह. डॉक्टरसाहेब आधी गंभीर होते. मग त्यांनी चष्मा काढला. मग पिंजऱ्यावर बसले आणि इतके हसले की मला वाटलं त्यांनाच काही झालं. तीन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. अहवालात त्यांनी लिहिलं: "मांजरांच्या आहाराच्या वेळा बदलल्या." सात पिंजरे. गाड्यांच्या यादीवर दुसरंही नाव घातलं नाही, यादीच फाडली.

ते गेले आणि वस्ती फुटली. ढोल, टाळ्या, आरडाओरडा. मांजरांना भर दुपारी दोन वाजता कोळंबी. दॉ म्याई रडत होत्या आणि वाडगी भरत होत्या. आत्याने फक्त एकदा डोळे पुसले आणि सात पिंजरे नेले त्या वाटेकडे हात जोडले.

१३ एप्रिल, सोमवार, थिंजान, पाणी उडवायचा दिवस

लिहिता येत नाही. वही ओली, मी ओला, टाक ओला. मा सॉ यिनने मागून अख्खी घागर ओतली. मी वळून म्हणालो, "मा सॉ यिन, हे कचेरीचे कपडे आहेत!" तर तिने दुसरी घागर ओतली.

१६ एप्रिल, गुरुवार, नवं वर्ष

डॉक्टरसाहेबांनी नव्या वर्षासाठी नवी वही दिली आणि सांगितलं, वस्तीची माणसं घरवार लिहून काढा. म्हणून आज सकाळपासून फिरतोय. तीन वर्षं मी या घरांत शिरलो तो कोण गेलं हे लिहायला. आज प्रत्येक दारात विचारलं, तुम्ही किती? आणि लोक एकेकाचं नाव घेऊन हाक मारत होते. मागच्या अंगणातून, विहिरीवरून, माडीवरून माणसं येत होती, ओली, हसत, तोंडात घास असलेली. एका घरात आठ निघाले, त्यांतलं एक परवा जन्मलेलं. मी त्याच्यापुढे काडी मारली आणि माझा हात तिथेच थोडा वेळ राहिला. ही काडी तशीच दिसते. अगदी तशीच.

साठ घरं. तीनशे बारा माणसं.

संध्याकाळी आत्याला वही दाखवली. ती वाचू शकते, पण आकडे बोटाने मोजते. बोट फिरवत फिरवत थांबली.

"आपलं घर. माणसं दोन."

"तू आणि मी."

"आणि सॉ यिन?"

"तिचं घर पुढे आहे. एकोणसाठावं. माणसं एक."

आत्याने वही मिटली. माझ्याकडे पाहत राहिली, तिच्या उपासाच्या दुपारच्या नजरेने, आणि आज उपास होताच, पौर्णिमा होती. म्हणाली, "जानेवारीपासून ती पोर दर शनिवारी तुझी रेघ बघायला येते. बुधवारीही येते. दोन गिऱ्हाइकं सोडून बसते. तुला वाटतं, तिला रेघा आवडतात?"

मी म्हणालो, "तिला आकडेशास्त्राची…" जानेवारीपासूनची सगळी पानं डोळ्यांसमोरून गेली. मी स्वतःच्या हाताने लिहिलेली.

उठलो, वही घेतली, पेन्सिल आणि खोडरबर घेतलं. लुंगी बदलायलाही थांबलो नाही. ती दाराशी बसून केस वाळवत होती. मी वही पुढे केली, एकोणसाठाव्या घरावर बोट ठेवलं, आणि एवढंच म्हणालो, "इथे चूक झाली असेल असं वाटतं. तुम्ही बघून सांगा."

तिने वही मांडीवर घेतली. बराच वेळ बघितलं. माझ्या कानांत ढोल वाजत होते, आणि ते रस्त्यावरचे नव्हते.

मग तिने माझ्या हातातलं खोडरबर घेतलं, आपल्या घरापुढचा एक पुसला, नीट, कागदाला भोक न पाडता. पानं उलटली आणि आमच्या घरापुढे दोनाचे तीन केले.

"बेरीज तपास," ती म्हणाली. "तपासा" म्हणाली नाही.

मी तपासली. वस्तीचा एकूण आकडा बदलला नव्हता. तीनशे बारा.